बैठकीतलं बटण

माझ्या भाचीनं पुण्यात नवा फ्लॅट घेतला आणि मोठ्या हौसेनं मला तो दाखवला. तिचं घर नुसत्या आवाजावर चालतं. ती सोफ्यावर बसून "दिवा लाव" म्हणते आणि दिवा लागतो, "पंखा कमी कर" म्हणते आणि पंखा ऐकतो. "मावशी, तुझ्या काळात असलं काही नव्हतं ना?" तिनं विचारलं. नव्हतं कसं, बाई? नव्वद सालाच्याही आधी आमच्या घरी होतं. बैठकीत बसून नुसतं बोट दाबलं की मागच्या मागे चहा तयार व्हायचा आणि ट्रेमध्ये बसून बाहेर यायचा. त्या यंत्रातली वायर, बटण आणि घंटी तेवढी दुकानातून आणलेली होती. बाकीचं यंत्र म्हणजे मी आणि माझी सासू.

माझं माहेर धुळ्याचं आणि सासर रावेर तालुक्यातलं, केळीवाल्यांचं. धुळ्याच्या कॉलेजात मी फिजिक्स घेऊन बी. एस्सी. केलं होतं. लग्न ठरताना सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ही गोष्ट चारचौघांत मोठ्यानं सांगितली होती. लग्नानंतर तिचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या तोंडून चुकून "आहे"च्या जागी धुळ्याकडचं अहिराणी "शे" निघालं की मात्र सगळं घर हसायचं.

बंगला नवा कोरा होता. गावातलं जुनं घर सोडून आबांनी रस्त्याकडेच्या मळ्यात तो बांधला होता. पुढे बैठक, तिथं सोफा आणि टीपॉय. मग लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना खोल्या, एका बाजूला देवघर, आणि पार मागच्या टोकाला स्वयंपाकघर. पाहुण्यांपर्यंत फोडणीचा वास जाऊ नये म्हणून ते इतकं मागे नेलं होतं. वास गेला नाही हे खरं. आवाजही जात नाही, हे राहायला आल्यावर कळलं.

जुन्या घरात बैठक आणि चूल यांच्यामध्ये एकच दार होतं. त्याला लोखंडी कडी होती, आणि त्या कडीवर सगळं घर चालायचं. सुनांनी सासऱ्यांच्या समोर जायचं नाही, बैठकीत परकी माणसं असताना बाईचा आवाज बाहेर ऐकू येता कामा नये, ही रीत. पण बाईला काही सांगायचं असलं, चहा झालाय, साखर संपलीय, पोराच्या अंगात ताप आहे, तर ती दाराआडून कडी वाजवायची. मग कुणीतरी पुरुष उठून दाराशी यायचा. अक्का, माझ्या सासूबाई, अभिमानानं सांगायच्या की त्यांच्या हातची कडी आबा बरोबर ओळखायचे. मला त्यात कौतुक वाटलं नाही. संसार मांडून इतकी वर्षं झाली आणि बाईनं नवऱ्याशी अजून लोखंड आपटून बोलायचं, यात कौतुक कसलं? पण तेवढी तरी सोय होती. नव्या बंगल्यात गुळगुळीत फ्लश दारं आली, त्यांना पितळी हँडल लागली आणि कडी गेली. ती गेल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण ती वाजवणाऱ्यांना घराचा नकाशा कुणी दाखवलाच नव्हता.

पुरुषांची अडचण मात्र लगेच ध्यानात आली. आबांनी बैठकीतून "अरे, कोनी आहे का तिकडे?" म्हणून हाक मारली तर ती बोळातच विरायची. समोर केळीचे व्यापारी बसलेले, हाक मारूनही चहा येत नाही, म्हणजे आबांना चारचौघांत नाक कापल्यासारखं व्हायचं.

अशात ते कसल्याशा कामाला जळगावच्या एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबाच्या टेबलाला खालून बटण होतं. साहेबानं ते दाबलं, बाहेर घंटी वाजली आणि शिपाई आत आला. घरी आल्यावर आबा येईल त्याला हेच सांगत होते. "नुसतं बोट लावलं बरं का, मान बी वर नही केली!" साहेबाचा हुद्दा, त्याची खुर्ची, यातलं काही त्यांच्या मनात भरलं नव्हतं. ती वर न केलेली मान भरली होती. आपल्या घरी हे करायचंच, असं ठरलं. साहेब कोण ते वेगळं सांगायला नको होतं. शिपाई कोण, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

माझ्या नवऱ्याला विजेच्या कामाची भारी हौस. विहिरीवरची मोटार बिघडली की वायरमन येईपर्यंत हे स्वतःच अर्धी खोलून ठेवायचे. ते रावेरच्या दुकानातून दोन घंट्या घेऊन आले. एक पुढच्या दारासाठी, चिमणीसारखी चिवचिवणारी. दुसरी स्वयंपाकघरासाठी, पत्रा खरवडल्यासारखी कर्रर्र करणारी. मी म्हटलं, "आम्हालाही चिमणीच आणायची." ते म्हणाले, "मिक्सर चालू असला तर ती ऐकू कशी येणार?" म्हणजे येणाऱ्या पाहुण्याचे कान नाजूक आणि आमच्या डोक्यावर दिवसभर पत्रा.

बोळाच्या वरून पट्टी मारून त्यांनी दोन तारा नेल्या. मी स्टूल धरून उभी होते. वर घंटी ठोकून ते खाली उतरले, तेव्हा मी म्हटलं, "एक बटण इकडेही लावा ना. आणि एक घंटी बैठकीत."

"कशाला?"

"इथून कुणाला बोलवायचं असलं तर."

ते माझ्याकडे बघत राहिले. "इथून काय सांगायचं असतं?"

चिडून विचारलं असतं तर मीही भांडले असते. पण त्यांनी ते खरोखरच न कळून विचारलं, आणि त्याचाच मला संताप आला. मी म्हटलं, "गॅस पेटला, कुणी भाजलं, कुणी पडलं, तर?" "तर बोळातून ये आणि सांग." "बैठकीत माणसं असली तर?" "तर थोडं थांबायचं," ते म्हणाले आणि पक्कड खिशात घालून गेले.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होत्या. मला वाटलं, या तरी माझी बाजू घेतील. त्या हसल्या. "कायले पाह्यजे बाईमानसाले घंटी? आपन का साहेब आहो?" मला नवऱ्यापेक्षा त्यांचाच राग जास्त आला. माणूस आपणहून इतकं खाली बसलं की त्याला उठवायचं तरी कसं?

घंटी सुरू झाली. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की चहा, लांबलचक वाजली की ताटं घ्या. आम्ही ट्रे बोळाच्या तोंडाशी आडोशाला ठेवायचा, तिथून घरातला पुरुष तो आत न्यायचा. गावातले लोक बघायला यायचे आणि आबा प्रत्येकाला दाखवायचे. प्रत्येक दाखवण्यात आमचा एक चहा जायचा. जळगावच्या शिपायाला निदान पगार होता, रविवार होता. आमच्याकडे वीज गेली तरच सुट्टी. भारनियमनात घंटी मुकी झाली की मी मुद्दाम निवांत बसायची, आणि आबा बैठकीतून हाका मारमारून घसा कोरडा करायचे.

अक्का मात्र बसायच्या नाहीत. त्यांचे गुडघे कामातून गेलेले, शरीर जड. तरी घंटी वाजली की तव्यावरची भाकरी तशीच सोडून धावायच्या. "मी बघते ना," असं म्हणेपर्यंत त्या माठाशी पोचलेल्या असायच्या. हाक मारली की माणूस "आले, आले" म्हणून वेळ काढू शकतो. घंटीला काय सांगणार? मी नवऱ्याला पुन्हापुन्हा म्हटलं, अक्का इथं दिवसदिवस एकट्या असतात, त्यांच्या हाताशी एक बटण द्या. कधी केळीची कापणी चालू असायची, कधी मोटार जळलेली. ते नाही म्हणत नव्हते. करतही नव्हते.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यात बिबडे घालायचे होते. आमच्याकडे ज्वारीचे हे पापड एकटीदुकटीनं होत नाहीत, एकमेकींच्या घरी जाऊन घालून द्यावे लागतात. अक्का म्हणाल्या, "तू जाय, मी आहे अठी." हे ट्रक भरून द्यायला शिवारात गेलेले. बैठकीत आबा आणि केळीचा सौदा करायला आलेले तिघं व्यापारी.

बिबड्यांसाठी शिजवलेलं गरम पीठ, म्हणजे घाटा, अक्कांना फार आवडायचा. मी वाटीभर घेऊन मागच्या दारानं परत आले. अंगणात होते तेव्हाच घंटी ऐकू आली, दोनदा. आत पाऊल टाकलं तर अक्का मोरीपाशी कुशीवर पडलेल्या. तांब्या लवंडलेला, लुगडं पाण्यानं भिजलेलं, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. चेहरा पांढरा पडला होता. पडल्या जागी त्यांनी पदर मात्र डोक्यावर नीट ओढून घेतला होता. मी खाली बसले तर त्या दातांवर दात दाबून म्हणाल्या, "पह्यले चहा टाक, माय. कव्हाची वाजून राह्यली."

आणि त्यांच्या डोक्यावर ती पुन्हा वाजली.

मी बोळातून पळत गेले. डोक्यावर पदर नाही, हाताला घाटा लागलेला, तशी सरळ बैठकीत शिरले. लग्न झाल्यापासून मी त्या खोलीत माणसं असताना पाय ठेवला नव्हता. आबा सोफ्याच्या हाताला रेलून बसले होते आणि त्यांचं बोट बटणावर होतं. मान वर न करता म्हणाले, "आज काय घरातले बठ्ठे झोपले का?"

"बोट काढा, आबा," मी ओरडले. "अक्का पडल्यात."

व्यापाऱ्यांतला एक जण ताडकन उठला. त्याच्याच जीपमधून आम्ही त्यांना जळगावला नेलं. रस्ताभर अक्का कण्हत होत्या, आणि आबा पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला खड्डे दाखवत होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ पडून होत्या? कुणालाच सांगता येईना. अक्काच म्हणाल्या, पहिली घंटी वाजली तेव्हा पाणी घ्यायला उठले आणि पाय सरकला. म्हणजे पाण्याची घंटी होऊन गेली होती, मग चहाची, मग चहा का येत नाही म्हणून रागारागाची. तेवढ्या वेळात बैठकीत केळीचा अख्खा सौदा ठरला होता. चार धडधाकट पुरुष, आणि मधे एक बोळ. एकालाही उठून बघावंसं वाटलं नाही. घंटी बिघडली असेल, असंही वाटलं नाही. बायका ऐकत नाहीत, एवढंच वाटलं.

आबा खाटेशी उभे राहून अक्कांना म्हणाले, "अवं, आवाज द्याले काय झालं होतं?"

"पाव्हने होते ना बैठकीत," अक्का म्हणाल्या. जसं काही आबाच वेड्यासारखं विचारत होते.

मी तिथून उठून व्हरांड्यात गेले, नाहीतर माझ्या तोंडून काय निघालं असतं सांगता येत नाही. ज्या माणसानं जन्मभर तिचा आवाज बाहेर येऊ दिला नाही, तोच आता विचारत होता की आवाज का दिला नाहीस. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांना ते हेच सांगत होते, आणि येणारे माना डोलवत होते.

ऑपरेशन झालं, हाडात पट्टी बसवली आणि अक्का घरी आल्या. त्यांना दुसऱ्या कुठल्या खोलीत करमेना, म्हणून खाट स्वयंपाकघरातच खिडकीखाली टाकली. उठायचं नाही, वळायचं म्हटलं तरी कुणीतरी हात द्यायचा. मी कपडे वाळत घालायला गेले तरी माझा जीव आत अडकलेला असायचा. आता तरी बटण होईल, असं मला वाटलं. आबा म्हणाले, "बैठकीत घंटी वाजली तं लोकं काय म्हनतीन? बाया घंटी वाजाडून मानसाले बोलावता म्हनतीन." आणि हे म्हणाले, "आबांना जरा शांत होऊ दे, मग बघू." आबांना शांत व्हायचं होतं! हाड काय आबांचं मोडलं होतं?

त्या दिवशी माझ्या मनातला नवऱ्याची वाट बघायचा भाग संपला.

दोघं शिवारात गेले, तेव्हा मी मेन स्विच बंद केला आणि स्टूल घेतलं. कॉलेजात घंटीचं सर्किट आम्ही पहिल्याच वर्षी जोडलं होतं. आमच्या घरी एका टोकाला बटण होतं, दुसऱ्या टोकाला घंटी, आणि मधे दोन तारा. कोण बोलावतं आणि कोण धावतं, याच्याशी तारांना काही देणंघेणं नसतं. मी घंटी काढून बैठकीत सोफ्याच्या वर ठोकली. तिथलं बटण काढून टाकलं, त्याच्या तारा घंटीला जोडल्या आणि इकडे स्वयंपाकघरात घंटीच्या मोकळ्या झालेल्या तारांना खाटेवर लटकणारा बेड स्विच लावला. तो स्विच आणि त्याची लोंबती वायर सोडली तर वीतभरही नवी वायर लागली नाही. मेन चालू करून दाबून पाहिलं. बोळाच्या पलीकडे, रिकाम्या बैठकीत, पत्रा खरवडल्यासारखा आवाज झाला.

अक्का खाटेवरून सगळं बघत होत्या. "हे काय करून राह्यली तू? मी नही वाजाडणार," त्या म्हणाल्या. स्विच त्यांनी उशीखाली सारून दिला.

संध्याकाळी आबा येऊन सोफ्यावर बसले आणि सवयीनं हात बाजूला नेला. तिथं भिंत होती. मग त्यांनी वर पाहिलं. मी बोळाच्या तोंडाशीच उभी होते. ते माझ्याशी बोलले नाहीत, मुलाला म्हणाले, "हे बठ्ठं होतं तसं करून टाक." हे म्हणाले, "हो, रविवारी करतो." मी म्हटलं, "तुम्ही काढलंत तर मी पुन्हा लावीन. तुम्ही परत काढा, मी परत लावीन. बघू कोण दमतं ते." नवऱ्याशी मी सासऱ्यांच्या समोर अशी कधी बोलले नव्हते. भीती वाटायला हवी होती, पण मला इतका राग आला होता की भीतीला जागाच उरली नव्हती.

पण माझं सगळं अक्कांवर अवलंबून होतं. त्यांनी स्विचला हात लावला नाही. तहान लागली तरी मी येईपर्यंत तशाच पडून राहायच्या. शेजारणी विचारायला आल्या की हसून म्हणायच्या, "सूनबाईचं खेळनं आहे ते." रविवार जवळ आला. आबा खुशीत होते. अक्कांनी स्वतःच ते बटण नाकारलं, तर मी कुणासाठी भांडणार होते?

शनिवारी दुपारी मी परातीत कणीक मळत होते. बैठकीत आबा आणि त्यांच्याकडे आलेले एक पाहुणे बोलत होते. अक्का वर, घंटी ठोकली होती त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत पडल्या होत्या. मग त्यांनी उशीखाली हात घातला, स्विच बाहेर काढला आणि दाबला. चांगला जोर लावून, लांबलचक दाबला.

बोळातून चपलांचा घाईघाईचा आवाज आला. आबा दारात उभे राहिले, त्यांना धाप लागली होती. "काय झालं?"

"पानी," अक्का म्हणाल्या.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात पिठात होते आणि मी ते काढले नाहीत. "ही आहे ना अठी," ते म्हणाले.

"तिले नही बोलावलं," अक्का म्हणाल्या. "तुमाले बोलावलं."

आबा आत आले. आपल्याच घरात, स्वतः उभं राहून बांधून घेतलेल्या स्वयंपाकघरात, त्यांना फुलपात्रं कुठं असतात ते माहीत नव्हतं. एक कपाट उघडलं, त्यात डाळी. दुसरं उघडलं, त्यात लोणच्याच्या बरण्या. अक्का खाटेवरून सांगत होत्या, तिथं नाही, त्याच्या वरच्या फळीवर. त्यांनी माठातून पाणी घेतलं, अर्धं फरशीवर सांडत आणलं आणि त्यांच्या तोंडाशी धरलं. अक्का सावकाश, मधे थांबत, सगळं पाणी प्यायल्या. बैठकीतले पाहुणे एकटेच बसून होते, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

नंतर गावातल्या बायका मला म्हणायच्या, तुला किती आनंद झाला असेल. नाही झाला. मी उभी राहून ती कणीक रागारागानं मुठीत दाबत होते. बैठकीतून स्वयंपाकघरात यायला त्या माणसाला आता लागला तेवढाच वेळ अक्का पडल्या त्या दिवशीही लागला असता, तर तो तेव्हा का आला नाही?